नवे मूत्रपिंड काही दिवस स्वस्थ राहिले, तर?

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या कुटुंबात मूत्रपिंड-रोपणाचा प्रसंग आला की शस्त्रक्रिया पार पडेपर्यंत साऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. ती पार पडते. परंतु लघवी पुरेशी होत नाही, रुग्णाला पुन्हा डायलिसिसवर घेतले, असे कळताच घरात रडे सुरू होते आणि वाड्यावर 'मूत्रपिंड फुकट गेले' अशी वार्ता पसरते. ही समजूत बहुतेक वेळा खोटी ठरते. म्हणून या स्मरणिकेत त्याविषयी चार शब्द सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तरवा उपटून शेतात लावला की पहिले काही दिवस रोप मलूल दिसते. ते मेलेले नसते. मुळे धरीपर्यंत त्याला अवधी हवा असतो. मूत्रपिंडाचेही काहीसे असेच आहे. शरीराबाहेर असताना त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. म्हणून ते बर्फाच्या थंडाव्यात राखतात. तरीही त्यातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींना इजा पोहोचते, आणि रक्त पुन्हा खेळू लागल्यावर त्या सुजतात. नव्या पेशी तयार होईपर्यंत काम मंदावते. रोपणानंतर पहिल्या ७ दिवसांत डायलिसिस करावे लागले, तर त्यास वैद्य 'विलंबित कार्य' म्हणतात. बहुधा १ ते ३ आठवड्यांत मूत्रपिंड जागे होते. क्वचितच ते मुळीच चालत नाही.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसविले, ते लगेच चालू लागले. जिवंत दात्याच्या बाबतीत बहुधा असेच घडते, कारण मधला वेळ थोडा असतो. मृत दात्याच्या अवयवास मात्र कित्येक तास बर्फात काढावे लागतात. अमेरिकेत अशा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत विलंब दिसतो. मेंदूमृत्यूस मान्यता देणारा १९९४ चा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व हिमाचल प्रदेशासह आपला गोवाही होता. तेव्हा हा अनुभव आपल्याही घरी येऊ शकतो.

मात्र विलंबाची सर्वच कारणे निरुपद्रवी नसतात. रक्तवाहिनीत गुठळी, मूत्रनलिकेत अडथळा वा गळती, औषधाची मात्रा अधिक होणे, किंवा शरीराने परका अवयव नाकारणे, ही कारणे वेळीच ओळखावी लागतात. त्यासाठी सोनोग्राफी, रक्तातील क्रिएटिनिन व औषधाचे प्रमाण, आणि गरज पडल्यास मूत्रपिंडाचा सुईएवढा तुकडा काढून तपासणी करतात. डॉक्टरांनी हे सुचविल्यास घाबरून नकार देऊ नये.

घरी आल्यावरही सावधपणा हवा. ताप, लघवी घटणे, पायांना सूज, एकाएकी वजन वाढणे, रोपणाच्या जागी दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाऊस ओसरण्याची वाट पाहू नये. प्रतिकारशक्ती दबविणारी औषधे एक वेळही चुकवू नयेत. दुखण्यावरच्या गोळ्या व झाडपाल्याची औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. माटोळीला बांधतात ते तोरिंजन, म्हणजे पपनस, औषधाचे रक्तातील प्रमाण बिघडवू शकते. आणि मूत्रपिंड मंद असताना करमल खाणे तर जिवावर बेतू शकते. पाणी उकळून प्यावे. पावसाळ्यात शेताच्या चिखलात उतरू नये. तेथे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचे भय असते.

शेवटी एक विनंती. ज्या माउलीने, पत्नीने वा भावाने आपला अवयव दिला, त्यांच्या कानी 'फुकट गेले' हे शब्द पडता कामा नयेत. त्यांचे दान त्याच दिवशी पूर्ण झालेले असते; मूत्रपिंड केव्हा जागे व्हावे, हे त्यांच्या हाती नसते. आपण सभासदांनी अशा घरी धीराचा शब्द, डायलिसिसला नेण्यासाठी गाडी आणि रात्री सोबतीला एक माणूस, एवढे पोहोचविले तरी आपल्या संस्थेचे काम सार्थकी लागले, असे आम्ही समजू.