सकाळी उठायचं कशासाठी?



"मोठेपणी तू कोण होणार?" हा प्रश्न तुम्हांला आजवर किती जणांनी विचारला असेल? पाहुणे विचारतात, शेजारचे काका विचारतात, आणि आम्ही शिक्षक तर विचारतोच विचारतो!

मीही विचारला होता. आमच्या बदनापुरात, माझ्या पाचवीच्या वर्गात. कुणी लिहिलं डॉक्टर, कुणी फौजदार, कुणी कलेक्टर. एका मुलानं मात्र वही कोरीच ठेवली. "अरे, काहीतरी लिही की!" मी रागावलो. "सर, मला नाही ठाऊक," तो म्हणाला. सगळा वर्ग हसला. त्यानं मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

आठवड्याभरानं पावसाची झड लागली. निम्मा वर्ग रिकामा होता. हा मात्र चिंब भिजून दारात उभा! पहिलीतल्या बहिणीचं दप्तर त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काखेत धरलं होतं. "एवढ्या पावसात कशाला आलास रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "तिला शाळेत यायचंच होतं, सर. मोठा रस्ता तिला एकटीला ओलांडता येत नाही ना!"

तेव्हा मला माझी चूक कळली. कोण व्हायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. पण सकाळी कशासाठी उठायचं, हे पक्कं ठाऊक होतं. मी प्रश्नच अर्धा विचारला होता.

एक जपानी शब्द

उरलेल्या अर्ध्या प्रश्नासाठी जपानी भाषेत एक छान शब्द आहे, इकिगाई. 'इकि' म्हणजे जगणं आणि 'गाई' म्हणजे मोल. ज्याच्यामुळे जगण्याला मोल येतं, ते इकिगाई. ते फार मोठं असायला हवं असं मुळीच नाही. कुणाचं इकिगाई नातवंडं असतात, तर कुणाचं परसातली बाग.

मिएको कामिया नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९६६ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. एका बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात त्या काम करत. घरादारापासून तोडलेली ती माणसं. पण त्यांतही फरक होता. आजार कमी असूनही काहींना जगणं रिकामं वाटे. तर आजार जास्त असूनही काही जण समाधानानं जगत. जगायला काही कारण सापडलं आहे की नाही, हाच तो फरक!

आपल्या मातीतलं उदाहरण

हा शब्द न ऐकताही तसं जगलेला एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. धोंडो केशव कर्वे, म्हणजेच आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे. त्यांचा जन्म १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. लहानपण मुरूड गावी गेलं. एका परीक्षेसाठी हा मुलगा सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. तिथं काय झालं असेल? "तू वयानं फार लहान दिसतोस," म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही! तसाच परत आला. पण शिकणं सोडलं नाही. पुढं १८९१ मध्ये तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला.

'कोण होणार' याचं उत्तर मिळालं. गोष्ट इथंच संपायला हवी होती, नाही का? पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते. त्या काळी विधवा स्त्रियांचे फार हाल होत. अण्णासाहेबांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरी १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढं तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि मग आडवाटेनं चालत आश्रमात यायचं. दमत नसतील का? दमत असणारच. पण तिथं कुणीतरी वाट पाहत होतं!

आणखी एक गंमत ऐका. टोकियोतल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका अण्णासाहेबांच्या हाती आली. ती वाचून १९१६ साली त्यांनी आपल्याकडे महिला विद्यापीठ सुरू केलं. तेच आजचं एस.एन.डी.टी. विद्यापीठ. म्हणजे जपानचं आणि आपलं नातं असंही आहे!

वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं. खेड्यांतल्या मुलांसाठी प्राथमिक शाळा! त्यासाठी ते दारोदार फिरून पैसे गोळा करत. मी स्वतः प्राथमिक शिक्षक, म्हणून मला हे त्यांचं काम सर्वांत आवडतं. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये ते गेले तेव्हा १०४ वर्षांचे होते.

पाहा बरं, विद्यापीठ काढायचं असं काही त्यांनी पाचवीत वहीत लिहून ठेवलं नव्हतं. समोर दिसलेलं एक गरजेचं काम केलं, त्यातून दुसरं दिसलं.

नाव गावाचं

आमच्या बदनापुरात कडधान्य संशोधन केंद्र आहे. तुरीचा एक वाण तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात. 'बीडीएन ७११' हा वाण शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्यातलं 'बीडीएन' म्हणजे बदनापूर! तो ज्यांनी घडवला त्यांचं नाव वाणावर नाही. पण तूर शेतात डोलते ना, झालं तर मग!

पालकहो, आपल्या मुलाला अजून 'काही ठरवता येत नाही' म्हणून रागावू नका. मी ती चूक केलेली आहे. तो कुणासाठी धावून जातो, कुठल्या कामात जेवण विसरतो, तेवढं पाहा.

आणि मित्रांनो, तुम्ही आज रात्री वहीत एकच ओळ लिहा. "उद्या सकाळी माझी गरज कुणाला आहे?" उत्तर छोटं असलं तरी चालेल.

त्या कोऱ्या वहीवर नंतर मी काय लिहिलं सांगू? 'उत्तर बरोबर.' आणि खाली माझी सही!