एकशे साठ चौरस फुटांचा संसार

मुंबईकराला मुलगी देताना आधी जागा विचारीत, पगार मागाहून!

ही टंचाई हटविण्यासाठी १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने विकास खाते काढले. कापसाच्या गाठीमागे रुपया कर बसला आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी येथे बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. गंमत अशी, की ज्या कामगारांसाठी हा खटाटोप, त्यांनीच प्रथम पाठ फिरविली. खोल्या कोंदट आणि भाडे जड! कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या. कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग झाला.

पुढे मात्र तिथेच पिढ्या नांदल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे विनामूल्य मिळाली. आनंदच आहे. पण चाळीस मजली इमारतीत पाणी पंपाने चढते आणि माणूस लिफ्टने. बारा वर्षे देखभाल म्हाडा पाहणार. तेराव्या वर्षी पेन्शनीतल्या आजोबांनी हा खर्च कोणत्या खिशातून द्यायचा, ते आताच ठरवायला नको का?