सारखी गाडी, निराळे इंधन : इंजिन बदलण्यापूर्वी

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्यात कापसाची वेचणी जोर धरते आणि यवतमाळ व धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लहान मालवाहू गाड्यांची वर्दळ सुरू होते. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात खरेदी केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. ती जागा आता बव्हंशी पिकअप गाडीने आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने सर्वतोमुखी झालेल्या छोट्या मालमोटारीने घेतली आहे. कापूस, तूर, खताची पोती, गुरांचा चारा, लग्नाचे सामान अशी सर्व वाहतूक या गाड्यांवर चालते. अनेक ग्रामपंचायतींची घंटागाडीही याच जातकुळीची असते.

अशा गाडीचे इंजिन ऐन हंगामात निकामी झाले, तर मालकापुढे पेच उभा राहतो. नवे इंजिन परवडत नाही आणि जुन्याच्या दुरुस्तीला वेळ लागतो. अशा वेळी अपघातात मोडलेल्या एखाद्या गाडीचे चांगले इंजिन स्वस्तात मिळत असल्याची वार्ता येते. गाडी त्याच कंपनीची, बांधणीही तीच, फरक काय तो इंधनपद्धतीचा. मग ते इंजिन बसविण्यास हरकत कोणती? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर मालकाचा पैसा, गाडीतील माणसांची सुरक्षितता आणि गाडीची कायदेशीर ओळख या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

जुनी परंपरा

इंजिनांची अदलाबदल ही काही नवी गोष्ट नव्हे. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या. पेट्रोलच्या मानाने डिझेल पुष्कळ स्वस्त असल्यामुळे त्यानंतरच्या काळात देशभरातील अनेक पेट्रोल जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसविण्यात आली. त्या गाड्यांची रचना सुटसुटीत होती. कार्ब्युरेटर काढला, इंजिनचे पाये नव्याने जोडले, टाकी धुऊन डिझेल भरले, जादा डिझेल टाकीत परत नेणारी नळी टाकली आणि मोठी बॅटरी बसविली, की कुशल मिस्त्रीच्या हातून काम पार पडे. त्या अनुभवातूनच ‘इंजिन कोणतेही बसते, फक्त पाये जुळले पाहिजेत’ अशी समजूत रूढ झाली. आजच्या गाड्यांच्या बाबतीत हीच समजूत मालकाला खड्ड्यात घालते.

दिसणे सारखे, अंतरंग निराळे

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवाच इतकी दाबली जाते, की ती अतिशय तापते आणि त्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे डिझेल इंजिन वजनाने जड, धक्के अधिक देणारे आणि सुरू होताना अधिक वीज ओढणारे असते. टाटा एस ही गाडी २००५ साली बाजारात आली तेव्हा तिला ७०२ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. पुढे तिचे पेट्रोल, सीएनजी आणि विजेवर चालणारे प्रकारही आले. बाहेरून पाहणाऱ्यास ही सारी एकाच घरची भावंडे वाटतात. परंतु त्यांची टाकी, नळ्या, वायरिंग आणि धूर बाहेर टाकण्याची व्यवस्था परस्परांहून भिन्न आहे.

दोन्ही गाड्या डिझेलच्याच असल्या, तरी भेद संपत नाही. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे जुने इंजिन आणि नंतरचे ‘कॉमन रेल’ पद्धतीचे इंजिन या दोहोंचे आकारमान २,५२३ घनसेंटिमीटर आहे. आकारमान तेच असले, तरी इंधन पुरविण्याची रीत मात्र मुळातच बदललेली आहे.

जुन्या पद्धतीत इंजिनच्या गतीवर फिरणारा यांत्रिक पंप प्रत्येक नोझलला ठरावीक वेळी डिझेल पोहोचवितो. पायाखालच्या पॅडलपासून पंपापर्यंत तार गेलेली असते. इंजिन एकदा सुरू झाले, की विजेवाचूनही ते चालू राहू शकते. कॉमन रेल पद्धतीत पंप डिझेल एका जाड नळीत साठवितो. तेथील दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. कोणत्या इंजेक्टरने केव्हा व किती फवारावे, हे लहान संगणक ठरवितो. इंजिनची गती, पाण्याचे तापमान, नळीतील दाब आणि चालकाने पॅडल किती दाबले, याची माहिती त्याला सेन्सरांकडून क्षणोक्षणी मिळत असते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. जुन्या गाडीत कॉमन रेल इंजिन बसवावयाचे, तर केवळ इंजिन आणून भागत नाही. त्याचा संगणक, संपूर्ण वायरिंग, पॅडल, सेन्सर, फिल्टर आणि किल्लीची सांकेतिक जोडणी एकाच गाडीतून आणावी लागते. यातील एक वस्तू जरी राहिली, तरी इंजिन मुके राहते. शिवाय कॅनमध्ये साठविलेले, पाणी वा धूळ मिसळलेले डिझेल जुना पंप काही काळ सहन करतो. कॉमन रेलचे इंजेक्टर मात्र त्याने लवकर खराब होतात.

उलट प्रकार, म्हणजे नव्या गाडीत जुने यांत्रिक पंपाचे इंजिन बसविणे, हा सोपा व स्वस्त असल्यामुळे अधिक मोह पाडणारा आहे. दोन तारा जोडल्या, की गाडी सुरू होते. परंतु गाडी चालते, म्हणून ती कायद्यात चालेलच असे नाही. भारत स्टेज-४ ही प्रदूषण मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके आली. ज्या मानकावर गाडीची नोंद झाली, त्याहून खालच्या दर्जाचे इंजिन तिच्यात बसविणे म्हणजे ती नोंदच खोटी ठरविणे होय.

ब्रेकचा प्रश्न

इंधनपद्धती बदलताना सर्वांत धोकादायक ठरणारी बाब बहुधा दुर्लक्षित राहते. पेट्रोल इंजिनाच्या हवा ओढण्याच्या मार्गात निर्वात निर्माण होतो आणि त्याच्या जोरावर ब्रेकला साहाय्य मिळते. डिझेल इंजिनात असा पुरेसा निर्वात नसतो. त्यासाठी स्वतंत्र निर्वात पंप लागतो. इंजिन घेताना हा पंप मागे राहिला किंवा त्याची नळी नीट जोडली गेली नाही, तर ब्रेकचे पॅडल दगडासारखे घट्ट होते. रिकाम्या गाडीत ही उणीव कदाचित जाणवणारही नाही. पोत्यांनी भरलेली गाडी उतारावर असताना मात्र ती प्राणघातक ठरू शकते. अधिक जड इंजिनाचा भार पुढील पाट्यांवर पडतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हेच तत्त्व अधोरेखित केले. दहा किंवा अधिक वाहतूक वाहनांच्या मालकास पूर्वमंजुरीवाचून इंजिन बदलण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते. पण तेथेही इंजिन ‘त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे’ असले पाहिजे आणि बदलाची खबर चौदा दिवसांच्या आत द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

इंधन बदलण्याचा मार्ग कायद्याने सर्वस्वी बंद केलेला नाही. मान्यताप्राप्त संच बसवून सीएनजीसारख्या इंधनाकडे वळता येते. भारत स्टेज-६ च्या साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या गाड्यांत डिझेल इंजिनाऐवजी सीएनजी वा एलपीजी इंजिन बसविण्याची तरतूद केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये केली. मात्र संचाला अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता हवी आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात झाली पाहिजे.

इंजिनावर कोरलेला क्रमांक ही गाडीची ओळख असते. तो नोंदणी प्रमाणपत्रात आणि विमापत्रातही नमूद असतो. क्रमांक जुळला नाही, तर योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी गाडी अडते, चोरीच्या मालाचा संशय येतो आणि अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत सापडतो. स्वस्तात मिळालेले इंजिन अशा रीतीने सर्वांत महाग पडते.

सावधगिरीची वाट

म्हणून इंजिन बदलणे अटळ असेल, तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे, त्याच इंधनाचे आणि त्याच प्रदूषण मानकाचे इंजिन निवडणे श्रेयस्कर होय. पैसे देण्यापूर्वी यवतमाळ येथील परिवहन कार्यालयात विचारणा करावी. विक्रीची पावती आणि ज्या गाडीतून इंजिन काढले तिची कागदपत्रे घ्यावीत. गाडी कर्जावर असेल, तर वित्तसंस्थेची लेखी संमती घ्यावी. काम पूर्ण झाल्यावर तपासणी करवून नवा क्रमांक नोंदवावा आणि विमा कंपनीस कळवावे. भरलेली गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी मोकळ्या जागेत ब्रेकची परीक्षा घ्यावी.

ग्रामपंचायतीच्या घंटागाडीचे इंजिन बदलण्याचा ठराव सभेपुढे आला, तर कमी दराच्या अंदाजपत्रकावर सही होण्यापूर्वी सदस्यांनी इंधनपद्धती, प्रदूषण मानक आणि इंजिन क्रमांक या तीन बाबींची विचारणा अवश्य करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिक व मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम शिकविले जातात. तेथील शिक्षकांचा सल्ला अशा वेळी मोलाचा ठरेल. विज्ञानाच्या तासाला शाळेतील शिक्षकांनी ठिणगीचे व दाबाचे इंजिन यांतील फरक गावातल्याच दोन गाड्या दाखवून समजावून दिला, तर उद्याचा गाडीमालक आजच सावध होईल.

लहान मालवाहू गाडी ही अनेक कुटुंबांची एकमेव मिळकत असते. हंगामातील चार दिवस वाचविण्यासाठी ती मिळकतच पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे. पाये जुळले म्हणजे इंजिन जुळले असे नाही. इंधन, ब्रेक आणि कागद हेही जुळले पाहिजेत.