रूळ पुसणारी वाघीण

संपादकांना पावसाळी कोकण रेल्वेवर लेख हवा होता. तिचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे: रोहा ते ठोकूर, ९१ बोगदे, ई. श्रीधरन, २६ जानेवारी १९९८ला सगळा मार्ग खुला. मग जून २००३मध्ये वैभववाडीजवळचा अपघात आणि वर्षभरात, १६ जून २००४ला, आपल्या रायगडात महाडजवळच्या करंजाडीला रुळावर आलेले दगड आणि घसरलेली मत्स्यगंधा. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्या दमानं चालतात, गस्त वाढते. मोक्याच्या स्थानकांत सपाट बीआरएन वाघिणीवर चढवलेलं खोदयंत्रही उभं असतं. वाघीण मालाची, यंत्र रस्त्याच्या कामाचं. जे हाताशी होतं ते जोडून केलेली गाडी.

या गाडीची वीतभर आवृत्ती अलिबाग तालुक्यात एका माडीवर आहे असं कळलं आणि मूळ लेख मागे पडला. अलिबागला प्रवासी गाडी येत नाही, पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचा फाटा तेवढा आहे. माडीवरचे काका निवृत्त फिटर. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८पासून आहे. तिथलंच १:८७ हे प्रमाण काकांनी धरलंय.

मला वाटलं होतं, शोभेची वस्तू असेल. "शोभेची कशाला? कामाला लावलीय ना," काका म्हणाले आणि वाघीण उलटी करून माझ्या हातात दिली.

खाली हार्डबोर्डचा तुकडा लोंबत होता, खडबडीत बाजू रुळाकडे. त्याच्या पाठीवर दोन खिळे उभे, ते वाघिणीच्या तळातल्या भोकांत सैल बसलेले. ना स्प्रिंग, ना स्क्रू. तुकडा स्वतःच्या वजनानं रुळावर टेकतो आणि गाडीबरोबर घासत जातो. युक्ती जुनी आहे. अमेरिकेतला प्रसिद्ध मॉडेलकार जॉन अ‍ॅलन ती वापरायचा. छोट्या गाडीला वीज रुळांतूनच चाकांवाटे मिळते. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या उडतात, तेल-धुळीत मिसळून काळा थर बसतो आणि इंजिन अडखळायला लागतं. पॉलिशपेपरनं घासावं तर रुळावर चरे पडतात आणि त्यात मळ आणखी धरतो. हार्डबोर्ड चरे पाडत नाही.

बाकी सगळं भंगारातलं. चाकं एका मेलेल्या इंजिनाची, खोदयंत्राचा हात छत्रीच्या काड्यांचा, वजनाला कोळीवाड्यातून आणलेल्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या. काकांचा खरा जीव मात्र त्या दोन भोकांत. भोक घट्ट झालं तर तुकडा अधांतरी राहतो. फार सैल झालं तर पुढे कलतो आणि सांध्यावर अडकतो. पुढची कड त्यांनी कानशीनं तिरकी केलीय. ती बोटानं चाचपून बघताना ते डोळे मिटतात, फिटर लोक बघतात तसे.

पण इथली हवा खारी. साधे खिळे पहिल्याच पावसात गंजून भोकात अडकले. आता पितळी तारेचे आहेत. जुलैत हार्डबोर्ड फुगतो, कडा वर उचलतात, म्हणून तुकडे डब्यात तांदळात ठेवायचे आणि भिजले की फेकायचे. रुळांखालचा प्लायवूडही फुगतो, मग रूळ एका जागी केसभर वर येतो आणि वाघीण नेमकी तिथं घसरते. शिसं वाढवलं तर इंजिन वळणावर चढत नाही, कमी केलं तर रूळ पुसले जात नाहीत.

त्यातून काकांना मोटर सुचली. बिघडलेल्या सीडी प्लेअरची मोटर लावून तुकडा गरगर फिरवायचा. फिरला झकास, पण चकचकीत रुळावर. मळक्या रुळावर वीजच मिळेना, म्हणजे जिथं गरज तिथंच मोटर बंद. मला हसू आलं, त्यांना नाही. आता जुन्या मोबाइलची बॅटरी वाघिणीतच बसवायची असं ठरतंय. ती खोदयंत्राच्या केबिनमध्ये मावत नाही. केबिन उंच करावी तर मॉडेल चुकतं, आणि बोगद्याची कमानही त्यांनी मापात बांधलेली आहे. बॅटरी मागच्या दुसऱ्या वाघिणीत ठेवा, असं मी सुचवलं. "मग इंजिनाला दोन ओढायला लागतील," ते म्हणाले आणि शिशाच्या गोळ्या काढून मोजायला बसले.