मधला माणूस

नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजात जाऊन 'प्रॉक्सी' म्हणजे काय, असं विचारलं तर पोरं हसतात. मित्र सीताबर्डीवर फिरत असतो आणि वर्गात त्याचा नंबर पुकारला की दुसराच कुणी 'यस सर' म्हणतो, ती प्रॉक्सी. संगणकाच्या जगातली प्रॉक्सीही याच जातीची. तुमच्या वतीनं बोलणारी. फरक इतकाच की ती नुसती हजेरी लावत नाही. तुमचा निरोप वाचते, अडवून ठेवते आणि सांगितलं तर त्यातला मजकूरही बदलते.

कचेरीबाहेर झाडाखाली बसणारा अर्जनवीस आठवून पाहा. आपण तोंडी सांगतो, तो कागदावर उतरवतो, कागद खिडकीतून आत जातो. आतल्या बाबूला फक्त कागद दिसतो. इंटरनेटवर हेच घडतं. तुम्ही 'खरेदी करा' हे बटण दाबता तेव्हा ब्राउझर एक मजकूर तयार करतो: कोणतं पान हवं, मागणारा कोण, वस्तू कोणती, नग किती. याला रिक्वेस्ट म्हणतात. पलीकडच्या सर्व्हरला तुमचं बटण दिसत नाही. त्याच्या हाती येतो तो हा मजकूर.

मधला माणूस मुळात आला तो सोयीसाठी. स्क्विड नावाचा मोफत प्रॉक्सी सर्व्हर १९९६ पासून आहे. २००० नंतरच्या दशकात कॉलेजांच्या वसतिगृहांत एकच बारीक लाइन शेकडो मुलांना पुरवायची असे. एकानं उघडलेलं पान स्क्विड आपल्यापाशी ठेवून घेई आणि दुसऱ्यानं मागितलं की तिथूनच देई. नको त्या साइट अडवण्याचं कामही त्याच्याकडेच असे. (ही अडवणूक चुकवण्यात मुलांनी जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी अभ्यासात क्वचितच केली असेल.)

ती प्रॉक्सी संस्थेची. आज सांगायचं आहे ते स्वतःच्याच संगणकावर बसवायच्या प्रॉक्सीबद्दल. वेबसाइटची सुरक्षा तपासणारे लोक बर्प सूट किंवा झॅप वापरतात. झॅप २०१० पासून मोफत मिळतं, म्हणून तेच घेऊ. ते सुरू केलं की आपल्याच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८०८० या दारावर, म्हणजे पोर्टवर, कान लावून बसतं. १२७.०.०.१ म्हणजे घरचाच पत्ता. निरोप बाहेर जातच नाही. मग फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'मॅन्युअल प्रॉक्सी' निवडून हाच पत्ता आणि हेच दार लिहायचं. आता ब्राउझरचा निरोप आधी झॅपकडे जाईल.

सरावासाठी ज्यूस शॉप नावाचं एक लुटुपुटीचं दुकान मोफत मिळतं. मुद्दाम चुका ठेवून बांधलेली ही वेबसाइट आपल्याच संगणकावर, ३००० या दारावर चालते. एक अडचण मात्र येते. घरच्या घरी जाणारे निरोप फायरफॉक्स प्रॉक्सीकडे पाठवत नाही. त्यासाठी त्याच्या 'अबाउट कॉन्फिग' पानावर 'अलाऊ हायजॅकिंग लोकलहोस्ट' ही नोंद 'ट्रू' करावी लागते. नवशिक्यांची संध्याकाळ हमखास इथेच वाया जाते.

या दुकानात योगायोगानं संत्र्याचा रसही मिळतो. नागपूरकरानं दुसरं काय घ्यावं? खातं उघडा, एक बाटली टोपलीत टाका. आता झॅपच्या वरच्या पट्टीतला हिरवा गोल दाबा, तो लाल होईल, म्हणजे नाका बंद. मग टोपलीत जाऊन नग वाढवा. पडद्यावर काहीच हलणार नाही, कारण रिक्वेस्ट झॅपमध्ये अडकली आहे. ती उघडून वाचा. खाली 'क्वांटिटी' या शब्दापुढे २ दिसतील. ते पुसून उणे १०० लिहा आणि निरोप सोडून द्या. टोपलीची बेरीज उणे होते. म्हणजे ग्राहकानं दुकानाला पैसे देण्याऐवजी दुकानच ग्राहकाचं देणं लागतं!

वजाबाकीच्या बटणानं पडद्यावर हे जमलं नसतं; नग एकाच्या खाली उतरत नाहीत. ते लिहिणाऱ्याला वाटलं, बंदोबस्त झाला. पण तो बंदोबस्त ब्राउझरमध्ये होता आणि ब्राउझर ग्राहकाच्या ताब्यात असतो. किंमत, नग, सवलत, 'हा ग्राहक कोण', यातलं काहीही ब्राउझर सांगतो म्हणून सर्व्हरनं खरं मानायचं नसतं. आपल्या वहीशी ताडून पाहायचं असतं.

लुटुपुटीच्या दुकानात हे मौजेचं वाटतं. पण ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक अशाच एका मधल्या माणसामुळे. एटीएममधून येणारी विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते आणि स्विच खात्यात पैसे आहेत का ते पाहतो. चोरांनी खोटा स्विच उभा केला. तो खातं न पाहताच प्रत्येक विचारणेला 'द्या' म्हणत राहिला. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले, भारतात आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला सुमारे १४ कोटी स्विफ्टमार्गे हाँगकाँगला गेले. ज्यूस शॉपमध्ये आपण विचारणा बदलली, इथे उत्तरच खोटं होतं. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली.

मग आपल्या निरोपांना संरक्षण काय? पत्त्याशेजारचं कुलूप. त्यातला मजकूर सांकेतिक असतो आणि मधल्याला वाचता येत नाही. झॅपला तो वाचायचा असेल तर त्याचं प्रमाणपत्र तुम्हाला स्वतःच्या हातानं ब्राउझरमध्ये बसवावं लागतं. नेमकी हीच जागा धोक्याची. फुकट काही देतो म्हणून कुणी अनोळखी प्रमाणपत्र बसवायला सांगितलं, तर तुमचा बँकेचा पासवर्डही तो साध्या अक्षरांत वाचू शकेल. ऑफिसच्या संगणकावर संस्थेनं असं प्रमाणपत्र बसवलेलं असू शकतं, म्हणून तिथे बँकेची कामं करू नयेत.

हा प्रयोग स्वतःच्या संगणकावर करा. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या साइटवर केलात तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं लागू शकतात; तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एखाद्या साइटमधली चूक सहज नजरेस पडली तर तिच्या मालकाला किंवा 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेला कळवता येतं.

आणि झॅप बंद केल्यावर फायरफॉक्समधलं प्रॉक्सीचं सेटिंग आठवणीनं पूर्ववत करा, बसवलेलं प्रमाणपत्रही काढून टाका. सेटिंग तसंच राहिलं तर ब्राउझर ८०८० च्या दारावर धडका मारत बसतो, आत कुणीच नसतं, आणि आपण उगाच इंटरनेटवाल्याला फोन लावतो.