श्रीमंत देशांचे आजार : समज किती खरे, किती खोटे?

अमेरिका, ब्रिटन, जपानमधली माणसं कशाने आजारी पडतात, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं : खाणं फार, हालचाल कमी आणि डोक्याला ताण. १९०० साली अमेरिकेत सर्वाधिक बळी न्यूमोनिया-फ्लू, क्षय आणि अतिसार घेत असत. आज तिथे हृदयविकार पहिल्या आणि कर्करोग दुसऱ्या क्रमांकावर आहे. एवढं खरंच आहे. पण हे आजार कोणाला होतात, का होतात आणि कशाने कमी होतात, याबद्दलच्या बऱ्याच समजुती आकड्यांपुढे टिकत नाहीत.

गैरसमज १ : हृदयविकार हा साहेब लोकांचा आजार.

वस्तुस्थिती : मोठी जबाबदारी, मोठा ताण, म्हणून झटकाही मोठ्या साहेबालाच, असं डॉक्टरांनाही एकेकाळी वाटे. १९६७ साली लंडनमधल्या सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. ती 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणून ओळखली जाते. निष्कर्ष उलटा निघाला. शिपाई, निरोप्ये अशा तळाच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक होतं. यातला कोणी उपाशी नव्हता, उपचारही सगळ्यांना उपलब्ध होते. तरीही पदाची एकेक पायरी खाली उतरावी तसा धोका वाढत होता.

खालच्या श्रेणीत सिगारेट ओढणारे जास्त होते, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल पाहणीत संशोधक मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की काम कसं आणि केव्हा करायचं हे ज्यांच्या हातात नसतं, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो.

गैरसमज २ : अंगमेहनत करणाऱ्याला हृदयविकार शिवत नाही.

वस्तुस्थिती : फिनलंडच्या पूर्वेकडचा नॉर्थ कॅरेलिया हा लाकूडतोड आणि दुधाच्या धंद्यावर जगणारा प्रांत. इथले पुरुष दिवसभर कष्ट करणारे. तरीही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंत हा भाग १९६०च्या दशकात जगात सगळ्यात पुढे गेला होता. ऐन चाळिशी-पन्नाशीतले कर्ते पुरुष जात होते. कारणं त्यांच्या ताटात आणि खिशात होती : भरपूर लोणी, मलईदार दूध, खारवलेलं मांस आणि सिगारेट. भाजीपाला मात्र नावापुरता. व्यायाम हृदयाला चांगलाच, पण तो या सगळ्यावर उतारा ठरत नाही.

१९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे मदत मागितली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. नुसती पत्रकं वाटून तो थांबला नाही. महिला मंडळांनी गावोगावी नेहमीचेच पदार्थ कमी मीठ, कमी चरबी आणि जास्त भाज्या घालून करून दाखवले. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी कमी करायला राजी केलं. लोण्याचा खप घटल्यावर दुग्धव्यवसायावर जगणाऱ्यांनी काय करायचं, हा प्रश्न होताच. म्हणून बेरीच्या लागवडीला चालना दिली. रक्तदाब तपासणीची व्यवस्था उभी राहिली. पुढच्या चार दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. नव्या औषधोपचारांचा त्यात वाटा आहे. पण पहिल्या काही दशकांतल्या घटीचं बरंचसं श्रेय कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी होण्याला जातं.

गैरसमज ३ : हृदयविकार पुरुषांना, बायकांना भीती स्तनाच्या कर्करोगाची.

वस्तुस्थिती : अमेरिकेत स्त्रियांच्या मृत्यूचंही पहिलं कारण हृदयविकारच आहे. त्याने वर्षाला सुमारे तीन लाख स्त्रिया दगावतात, तर स्तनाच्या कर्करोगाने चाळीस हजारांच्या आसपास. छातीत दुखणं हे स्त्रियांमध्येही मुख्य लक्षण असतंच. मात्र त्याच्या जोडीला धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं अशी लक्षणं त्यांच्यात जास्त दिसतात. ती 'पित्त झालं असेल' म्हणून अंगावर काढली जातात आणि मोलाचे तास वाया जातात.

गैरसमज ४ : प्रगत देशांत संसर्गजन्य रोग संपले.

वस्तुस्थिती : ते आटोक्यात आहेत, आणि लसीकरण सैल पडलं की परत येतात. ब्रिटनने गोवर हद्दपार केल्याचा दर्जा मिळवला होता. २०१९ मध्ये तो गमावला. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे युरोपात वर्षाला सुमारे ३५ हजार मृत्यू होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

गैरसमज ५ : म्हातारपणी स्मृतिभ्रंश व्हायचाच.

वस्तुस्थिती : वयाबरोबर धोका वाढतो, पण तो अटळ नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चालू असलेल्या अभ्यासात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून नव्याने स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी कमी होत गेलेलं दिसलं. ही घट किमान शालान्त शिक्षण झालेल्यांपुरतीच होती. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने मांडलं, की जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध बदलता येण्याजोग्या कारणांशी आहे. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि एकाकीपणा येतात.

गैरसमज ६ : पैसा ओतला की आरोग्य मिळतं.

वस्तुस्थिती : अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के भाग आरोग्यावर खर्च करते, इतर बड्या श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त. तरीही सरासरी अमेरिकन माणूस जपानी माणसापेक्षा काही वर्षं कमी जगतो. २०२१ मध्ये तिथे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसं दगावली. बंदुका, रस्त्यावरचे अपघात आणि लठ्ठपणाही आयुष्य कापतात. जपानमध्ये १९५१ ते १९८० पर्यंत मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात होतं. गावोगावी रक्तदाब मोजणं, औषधं नियमित देणं आणि खारवलेल्या अन्नातलं मीठ घटवणं, अशा साध्या उपायांनी ते प्रमाण झपाट्याने खाली आलं.

गैरसमज ७ : हे त्यांचे आजार, आपले नव्हेत.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक आज गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. भारत त्यात आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही हे आजार परके मानू नयेत. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना मधुमेह कमी वजनावरच गाठतो. म्हणून ब्रिटनमध्ये उंची-वजनाच्या निर्देशांकाची धोक्याची पातळी इतरांसाठी २५, तर त्यांच्यासाठी २३ धरतात.

आजार श्रीमंतीसोबत येतात आणि नशिबाने होतात, या दोन्ही समजुती सोडायला हव्यात. फिनलंड आणि जपानमध्ये फरक पडला तो मीठ, धूर आणि रक्तदाब हे सार्वजनिक प्रश्न मानल्यामुळे. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की रक्तदाब मोजून घ्या, आणि आपल्या नगरसेवकाला हेही विचारा : वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात तो मोजण्याची आणि महिनोन्‌महिने औषध मिळण्याची सोय आहे का?