जुनी जपानी मोटार निवडतांना

दोनच माणसांपुरती, लांब नाकाची, आंखूड पाठीची आणि केवळ वेगासाठीं घडविलेली अशी जी मोटार असते, तीस स्पोर्ट्स कार म्हणतात. बाजारहाटास किंवा मुलांबाळांसह प्रवासास ती फारशी उपयोगी नाहीं. ती चालविण्यांत जो आनंद आहे तोच तिचा उपयोग होय. अमेरिका, इंग्लंड व जपान या देशांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींच्या जपानी स्पोर्ट्स मोटारी शोधून काढून त्या स्वतःच्या हातांनीं नीट करण्याचा छंद हल्लीं बराच पसरला आहे. हा छंद ज्यांस नवीनच लागतो ते बहुधा रंगास व चकाकीस भुलतात, आणि कित्येक वर्षांची शिल्लक कुजलेल्या पत्र्यावर घालवून बसतात. म्हणून अशी पहिली खरेदी डोळसपणें कशी करावी याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल डाट्सन २४०-झेड ही मोटार घेऊं. डाट्सन हें नांव आमच्या वाचकांस २०१४ पासून २०२२ पर्यंत या देशांत विकल्या गेलेल्या लहान मोटारींवरून ठाऊक असेल. परंतु त्या नांवाची मोठी कीर्ति झाली ती निसान कंपनीनें १९६९ सालीं बाहेर काढलेल्या या मोटारीमुळें. जपानांत तिचें नांव फेअरलेडी झेड. अमेरिकेंतील निसानचे प्रमुख युताका काटायामा यांस हें नाजूक नांव मुळींच पसंत नव्हतें. त्यांच्या आग्रहानें तेथें ती २४०-झेड म्हणून विकली गेली, आणि आमच्या मतें त्यांनीं केलें तें योग्यच केलें. एका ओळींत सहा नळकांडीं असलेलें २३९३ घन सेंटिमीटरचें इंजिन, चारही चाकांस स्वतंत्र स्प्रिंगांची योजना, आणि किंमत अवघी ३५२६ डॉलर! याच तोडीच्या युरोपियन मोटारींस याहून पुष्कळ अधिक पैसे पडत. पुढें जानेवारी २०२० मध्यें १९७१ सालची, फारच थोडी चाललेली व उत्तम राखलेली अशी एक २४०-झेड लिलावांत ३,१०,००० डॉलरांस गेली. हा आंकडा सांगून कोणी आपली मोडकी गाडी सोन्याच्या भावानें विकूं लागला, तर तो आंकडा अपवादाचा आहे हें विसरूं नये.

आतां मुख्य गोष्ट. अशा मोटारीचा खरा शत्रु म्हणजे गंज. लोखंड, पाणी व प्राणवायु एकत्र आलीं कीं गंज चढतो हें विद्यार्थ्यांनीं वर्गांत शिकलेलेंच आहे; पाण्यांत मीठ असल्यास तें पाणी विजेचें चांगलें वाहक बनतें आणि ही क्रिया फार जलद चालते. अमेरिकेच्या उत्तरेकडील संस्थानांत हिंवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. तें चिखलाबरोबर उडून मोटारीच्या पोकळ भागांत जाऊन बसतें व वर्षानुवर्षे आंतून पत्रा खात राहतें. याच कारणानें कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशांत वाढलेल्या गाडीस अधिक मोल येतें. शिवाय या मोटारीस बैलगाडीप्रमाणें वेगळा सांगाडा नाहीं. तळ, बाजू व खांब हे पत्रेच एकमेकांस जोडलेले असून तेच सर्व भार वाहतात. तेव्हां तळ कुजला म्हणजे शोभा गेली इतकेंच नव्हे, तर अपघातांत आंतील माणसाचें रक्षण करणारें बळच गेलें.

गंज कोठें पाहावा? २४०-झेडमध्यें त्याचीं आवडतीं ठिकाणें ठरलेलीं आहेत. बॅटरीखालचें ताट, जेथें आम्ल सांडतें; समोरच्या कांचेखालील हवा येण्याची जागा; दारांखालच्या पोकळ पट्ट्या; मागच्या चाकावरील कमानीचा पुढला खालचा कोपरा; आणि जादा चाक ठेवण्याचा खड्डा. आंतील गालिचा उचलून तळ पाहावा. मोटार नीट टेकूवर असल्याची खात्री करून मग तिच्याखालीं निजावें व तळाखालून गेलेल्या लांब पोलादी पट्ट्या ठोकून पाहाव्या. एक लोहचुंबक मऊ फडक्यांत गुंडाळून अंगावरून फिरवावा. जेथें तो धरीत नाहीं तेथें रंगाखालीं पोलाद नसून लांबी भरलेली आहे असें समजावें. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीच्या नसल्या, तर गाडी कोठें तरी वांकली आहे. आणि विक्रेता गालिचा उचलूंच देत नसेल, तर नमस्कार करून परत यावें. पुढचें कांहीं पाहाण्याची गरज नाहीं.

इंजिनाविषयीं एवढी चिंता नको. हें इंजिन दणकट आहे, आणि जाणत्या मिस्त्रीस तें उघडून नीट करतां येतें. त्याचे दोन कार्ब्युरेटर मात्र पाहाण्यासारखे आहेत. इंजिन हवा ओढतें, त्या ओढीनें आंतील दट्ट्या वर उचलला जातो, आणि त्यास लावलेली निमुळती सुई वर सरकतांच पेट्रोलास अधिक वाट मिळते. जितकी हवा तितकें पेट्रोल, आणि तेंहि एखाद्या घड्याळाप्रमाणें आपोआप! दोहोंची ओढ सारखी नसेल तर इंजिन अडखळत चालतें. पण हा दोष जुळवणीनें जातो. त्यापेक्षां इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेला क्रमांक व गाडीच्या पाटीवरील क्रमांक जुळतो कीं नाहीं हें पाहाणें अधिक महत्त्वाचें, कारण किंमत पुष्कळ अंशीं त्यावर ठरते.

कित्येकांस वाटतें कीं मोडकी गाडी स्वस्तांत घ्यावी व हळूहळू दुरुस्त करावी. त्यांनीं निसानचाच अनुभव पाहावा. १९९७ च्या सुमारास त्या कंपनीनें जुन्या २४०-झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून, अमेरिकेंत पुन्हां विकण्याचें काम हातीं घेतलें. परंतु ठरविलेल्या संख्येपैकीं थोड्याच गाड्या तयार होऊं शकल्या. जिनें त्या बनविल्या तिचीच ही गत, मग एकट्या माणसानें काय करावें?

ज्याचे पैसे बेताचे आहेत त्यानें १९८९ पासून १९९७ पर्यंत निघालेली पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ पाहावी, असें आम्ही सुचवूं. ती हलकी, उघड्या छपराची व साधी आहे, आणि लक्षावधि निघाल्यामुळें तिचे सुटे भाग सहज मिळतात. मात्र छपरावरचें पाणी वाहून जाण्याचीं भोंकें पाल्यानें तुंबलीं तर तिच्याहि दारांखालच्या पट्ट्या मागच्या बाजूस आंतून गंजतात. पंचवीस वर्षें पुरीं झालेली मोटार अमेरिकेंत आणण्यास तेथील सुरक्षेचे नियम आड येत नाहींत. त्यामुळें पुष्कळ लोक जपानांतील लिलावांतूनच अशी गाडी मागवितात. तेथील लिलावाच्या कागदावर गाडीची आकृति काढून कोठें ओरखडा, कोठें पोंचा, कोठें गंज हें खुणांनीं दाखविलेलें असतें. तो कागद जपानी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावा. त्याच्या फीचे पैसे वांया जात नाहींत.

खरेदी झाल्यावर लगेच वेगानें धांवण्याचा मोह आवरावा. ब्रेकचें तेल व पेट्रोलाच्या रबरी नळ्या आधीं बदलाव्या. जुनी नळी चिरली तर तप्त इंजिनावर पेट्रोल गळतें. टायरांवर नक्षी पुष्कळ उरलेली दिसली तरी तेवढ्यावर विसंबूं नये. त्यांच्या बाजूवर चार आंकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ३५०९ असें लिहिलें असेल तर तो टायर २००९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांत बनलेला आहे, आणि तसल्या टायरावर मोटार फाटकाबाहेर नेऊं नये.